'हिची माया आटली' : बाळंतपणानंतरच्या दुराव्याची एक केस

बाळंतपणानंतर चार-सहा महिन्यांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांची तक्रार शब्दांच्या थोड्याफार फरकाने एकच असते : बाळ झाल्यापासून हिला माझी गरज उरलेली नाही. बायकांच्या तोंडी तीच गोष्ट प्रश्न होऊन येते : मला असे का होते आहे, माझ्यातच काही बिघडले आहे का? ही शंका पुष्कळ घरांत असते, पण ती मोकळेपणाने विचारावी असे माणूस फार थोड्यांना मिळते. म्हणून एका जोडप्याच्या संमतीने, त्यांची नावे आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून, आमच्या चार बैठकींची हकीकत येथे लिहीत आहे.

अमोल एकतीस वर्षांचा, सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावचा. घरी नऊ म्हशी, थोडा ऊस आणि गावातील दूध संकलन केंद्राचे सकाळ-संध्याकाळचे काम. स्वाती सत्तावीस वर्षांची, वाणिज्य शाखेची पदवीधर, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करणारी आणि सध्या रजेवर असलेली. लग्नाला पाच वर्षे झालेली आणि मुलगी पाच महिन्यांची. स्त्रीरोगतज्ज्ञांनी चिठ्ठी देऊन त्यांना माझ्याकडे पाठवले होते. खुर्चीत बसल्याबसल्या अमोलने एका वाक्यात सगळे सांगून टाकले, "मॅडम, हिची माया आटली." बाळाच्या टोपडीची नाडी बांधत असलेली स्वाती मान वर न करता म्हणाली, "मी काय म्हैस आहे का आटायला?"

या एका वाक्यामुळे पुढच्या बैठकींना वेगळेच वळण लागले, म्हणून ते आधी नोंदवून ठेवले. गोठ्यातला माणूस दूध बंद झालेल्या जनावराला 'आटलेली' म्हणतो. अमोलने तो शब्द वाईट हेतूने वापरला नव्हता, त्याच्याजवळ त्या दुःखासाठी दुसरा शब्दच नव्हता.

हकीकत अशी होती. पहिले बाळंतपण म्हणून स्वाती माहेरी गेली आणि सव्वा महिन्याऐवजी तिसरा महिना संपता संपता परत आली. तोपर्यंत शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आळीवाची खीर सारे रीतसर झाले होते. सासरी आल्यावर बाळ रात्री चार-पाच वेळा उठू लागले. अमोलला पहाटे साडेचारला धारा काढायच्या असल्यामुळे तो बाहेरच्या सोप्यात झोपू लागला. ही सोय म्हणून सुरू झालेली व्यवस्था पुढे तशीच राहिली. मध्यंतरी एकदा तो जवळ आला तेव्हा स्वातीच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याने मागे सरून अंथरूण उचलले, आणि त्यानंतर जवळजवळ दीड महिना दोघांनी एकमेकांना हातही लावला नव्हता. शिवाय सासूबाईंनी बाळाला उचलले की स्वातीच्या छातीत धस्स होई आणि ती काहीतरी निमित्त काढून बाळ परत घेई. त्यावरून घरात दोनदा शब्दाला शब्द वाढला होता. स्वाती सासूबाईंना आत्या म्हणते. "आत्या चांगल्या आहेत, पण त्यांनी हिला घेतलं की मला सुधरत नाही," असे तिने सांगितले, आणि सांगताना ती स्वतःच खजील झाली.

अशा वेळी संप्रेरकांविषयी, म्हणजे हार्मोनविषयी, बोलण्याच्या आधी मी एक गोष्ट नेहमी करते. १९८७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करण्यासाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण धास्ती वाटली का, स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, अशा स्वरूपाचे साधे प्रश्न तीत आहेत. स्वातीचे गुण तीसपैकी आठ आले आणि इजेच्या प्रश्नाला तिचे उत्तर स्पष्ट 'नाही' होते. तरीही तिच्या डॉक्टरांशी बोलून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले, कारण बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते आणि तिच्यामुळे येणारा थकवा, चिडचिड किंवा निरुत्साह घरातल्यांना स्वभावदोष वाटतो. हिमोग्लोबिन कमी निघाले, त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. येथे वाचकांना एक स्पष्ट सांगायला हवे. बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, तिला नसलेले आवाज ऐकू येत असतील, आपण किंवा बाळ नसलेलेच बरे असे वाटत असेल, तर समुपदेशनाची तारीख मिळेपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

तपासण्यांचे पाहून झाल्यावर मी दोघांना बाळंतिणीच्या शरीरात काय घडते ते सांगितले. गर्भारपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी, मुख्यतः वारेमुळे, इतकी चढते की एरवीच्या आयुष्यात ती कधीच तेवढी नसते. वार पडली की काही दिवसांतच दोन्ही एकदम खाली येतात, आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतल्या रडू येण्यामागे बहुधा या घसरणीचाही हात असतो. त्यानंतर राज्य येते दूध तयार करायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे. बाळ जितक्या वेळा अंगावर पिते तितक्या वेळा प्रोलॅक्टिन वाढते, रात्री तर अधिकच. प्रोलॅक्टिन चढलेले आणि बाळ सतत ओढत असलेले अशा स्थितीत मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात. मग बीज तयार होत नाही, पाळी येत नाही आणि इस्ट्रोजेन खालच्या पातळीवरच राहते. इस्ट्रोजेन कमी म्हणजे योनिमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे, जवळजवळ पाळी गेलेल्या स्त्रीसारखे. सत्तावीस वर्षांच्या बाईला पन्नाशीतल्या बाईसारखा कोरडेपणा येऊ शकतो, हे तिला बाळंतपणाच्या आधी कोणीच सांगत नाही. आजी, आई, सासू यांपैकी कोणालाही हे माहीत नसते असे नाही, पण आपल्याकडे बाळंतिणीला काय खायचे एवढेच सांगण्याची पद्धत आहे.

हे सांगताना मला वाटले होते की आता दोघांच्याही मनावरचे ओझे उतरेल. तसे ते थोडे उतरलेही. मग अमोलने तो प्रश्न विचारला, जो त्याने मोबाइलवर काहीतरी पाहून आधीच तयार ठेवला होता. "मॅडम, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचं हार्मोन ना? म्हशीला टोचतात तेच? माणसासाठी त्याचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो म्हणे."

त्याचा प्रश्न मला हास्यास्पद वाटला नाही. हे संप्रेरक त्याने आमच्यापैकी बहुतेकांच्या आधी ऐकले होते. म्हशीला लवकर धार सोडायला लावण्यासाठी ते टोचणारे लोक त्याने पाहिले होते. तो गुन्हा आहे, हेही त्याला ठाऊक होते आणि आपल्या गोठ्यात ते कधी आले नाही, हे त्याने अभिमानाने सांगितले. मी त्याला सांगितले की १९०६ साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे पाहिले, आणि पुढे व्हिन्सेंट दु विन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू प्रयोगशाळेत घडवला, त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज कळा वाढवण्यासाठी आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दवाखान्यात जे औषध देतात ते हेच, आणि त्याने असंख्य बायकांचे जीव वाचतात. मात्र रक्तात ते काही मिनिटांपुरतेच टिकते, मेंदूत सहज शिरत नाही, आणि नाकावाटे दिल्यावर माया वाढते असे दाखवणारे सुरुवातीचे बरेचसे प्रयोग पुन्हा केल्यावर तसेच उतरले नाहीत. शिवाय मुख्य मुद्दा वेगळाच होता. स्वातीच्या अंगात ऑक्सिटोसिन कमी नव्हतेच. बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पीत होते आणि प्रत्येक वेळी ते स्रवत होते, कारण ज्याला आपण पान्हा फुटणे म्हणतो ते त्याचेच काम आहे.

"मग तरी?" अमोलने विचारले.

मग तरीच. प्रेमाचे हार्मोन हे नाव वर्तमानपत्री आहे. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात राहणारा प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी जोडी करून राहतो आणि त्याच्यावरील प्रयोगांमुळे ऑक्सिटोसिनची ही कीर्ती पसरली. परंतु २०२३ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्या व्होलमध्ये ऑक्सिटोसिन स्वीकारणारी यंत्रणाच जनुकीय पातळीवर काढून टाकली होती तेही जोडीदाराशी बांधलेले राहिले आणि पिल्लेही वाढवू शकले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हेच संप्रेरक पुष्कळ सस्तन प्राण्यांच्या मादीला पिल्लाच्या बाबतीत आक्रमकही करते. मी एवढे म्हणताच अमोल म्हणाला, "व्यालेली म्हैस परक्याला रेडकाजवळ येऊच देत नाही. आमची एक तर माझ्या थोरल्या भावावरही धावली होती." क्षणभर थांबून त्याने स्वातीकडे पाहिले. आत्यांनी बाळ उचलले की छातीत धस्स का होते, याचे उत्तर त्यालाच मिळाले होते. स्वाती मात्र म्हणाली, "परत म्हैसच." पण या वेळी ती हसत होती. म्हशीचे उदाहरण पुढे वापरले तर चालेल का, असे मी तिला विचारून घेतले. ती म्हणाली, त्यांना त्याच भाषेत कळतं, वापरा.

ती पहिली बैठक मला चांगली झाली असे वाटले, आणि ती माझी चूक होती. तीन आठवड्यांनी दोघे आली ती दुप्पट दुरावा घेऊन. अमोलने माझ्या बोलण्यातून सरळ हिशेब काढला होता : अंगावरचे दूध म्हणजे प्रोलॅक्टिन, प्रोलॅक्टिन म्हणजे इच्छा नाही, म्हणून दूध तोडले की प्रश्न मिटला. घरात नऊ म्हशी असताना पाच महिन्यांच्या मुलीला वरचे दूध का देऊ नये, असा धोशा त्याने लावला होता. स्वातीनेही दुसऱ्या टोकाने तेच केले होते. जे काही होते ते हार्मोनमुळे होते, मी काय करणार, असे म्हणून तिने बोलणेच थांबवले होते. संप्रेरकांचे स्पष्टीकरण दोष काढून घेते म्हणून मला ते आवडते, पण ते माणसाला सबबही पुरवते, हे त्या दिवशी मला नीट समजले. तेव्हापासून मी पहिल्या बैठकीत इतके सांगत नाही.

दूध तोडण्याचा विषय आधी मिटवला. सहा महिने केवळ अंगावरचे दूध हा सल्ला बाळाच्या भल्याचा आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी म्हशीचे दूध देणे योग्य नाही, हे त्याला डॉक्टरांनीही सांगितले. मग मी त्याला खोंड बडवण्याविषयी, म्हणजे त्याचे वृषण निकामी करण्याविषयी, विचारले, "खोंड बडवला की काय होतं?"

"शांत होतो. झोंबी कमी होते, औताला चालतो."

"आणि मोठा झाल्यावर, माजावर येऊन गेल्यावर बडवला तर?"

"मग बरेच दिवस खोड राहते. गाईमागं जातोच."

संप्रेरक आणि वर्तन यांचा संबंध शेतकऱ्याने शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ओळखला आहे, आणि त्याची मर्यादासुद्धा. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा तरुण कोंबड्यांचे वृषण काढले. ज्यांना वृषण पोटात परत बसवले ते कोंबडे पुढे आरवले, भांडले, माद्यांमागे धावले, त्यांचे तुरे वाढले. ज्यांना बसवले नाहीत त्यांचे यांपैकी काहीच झाले नाही. वृषणातून रक्तात काहीतरी मिसळते आणि ते वागणे बदलते, हे यातून पहिल्यांदा दिसले. पण अमोलच्या उशिरा बडवलेल्या बैलाने सांगितलेली गोष्टही तितकीच खरी आहे : संप्रेरक गेले तरी घडलेला अनुभव लगेच पुसला जात नाही. आणि माणसात तर हे नाते आणखी सैल आहे. म्हैस साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि एरवी रेड्याला जवळ येऊ देत नाही. स्त्रीचे तसे नाही. पाळीचक्राच्या कोणत्याही दिवशी, गर्भारपणात, पाळी गेल्यावरही तिला जवळीक हवीशी वाटू शकते आणि बीज तयार होण्याच्या ऐन दिवसांतही नकोशी वाटू शकते. म्हणून म्हशीची उपमा येथे संपते, हे मी दोघांना मुद्दाम सांगितले. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 'हार्मोन' हा शब्द वापरात आणला तो चेतवणे, चालना देणे अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून. चालना मिळणे निराळे आणि हुकूम सुटणे निराळे.

तरी एक बाब मला त्याच्या गोठ्यातूनच उचलावी लागली, कारण तिच्याइतके नेमके उदाहरण मला पुस्तकांत सापडले नव्हते. "म्हैस पान्हा चोरते तेव्हा तुम्ही काय करता?" असे मी विचारले. बदली माणूस धारेला बसला, जवळ कुत्रे भुंकले, फटाका वाजला की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असते पण ते उतरत नाही, कारण भीतीने स्रवणारे ॲड्रेनलिन ऑक्सिटोसिनचे काम अडवते. हे कारण त्याला माहीत नव्हते, उपाय मात्र तोंडपाठ होता.

"काही करत नाही," तो म्हणाला. "मारलं तर जास्तच चोरते. थांबायचं. रेडकू सोडायचं, कास कोमट पाण्यानं धुवायची, पुढ्यात आंबोण ठेवायचं. आणि रोजच्या माणसानंच बसायचं."

मी काहीच बोलले नाही. बराच वेळ तोही बोलला नाही. मग स्वातीने, त्याच्याकडे न पाहता, पहिल्यांदा सविस्तर बोलायला सुरुवात केली.

तिने जे सांगितले त्यात संप्रेरकांचा वाटा होता, पण तो एकटाच नव्हता. त्या रात्री तिला रडू आले ते नकोसे वाटले म्हणून नव्हे, तर टाक्यांच्या जागी चरकन दुखले म्हणून. आणि दुखते आहे हे सांगावे तर आत्या शेजारच्या खोलीत. अमोलने अंथरूण उचलले तेव्हा तिला वाटले, तो रागावून गेला. त्याला वाटले, तिला आपला वीट आला. दुसरी गोष्ट म्हणजे दिवसभर कोणीतरी अंगाला चिकटलेले असते. बाळ पिते, ओढते, केस धरते, कडेवरून उतरत नाही. रात्री अंग निदान चार तास आपले एकटीचे असावे, एवढीच तिची इच्छा असे, आणि नेमका तेव्हा खांद्यावर पडणारा हात हा तिला आणखी एक मागणी वाटे. तिसरी गोष्ट सांगताना तिने आवाज खाली घेतला : पुन्हा दिवस गेले तर? शेजारच्या एका बाईला पाळी यायच्या आधीच दुसऱ्यांदा दिवस गेले होते, तेव्हापासून ही धास्ती तिच्या मनात बसली होती.

ही धास्ती निराधार नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तोवर गर्भ राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. यांपैकी एक जरी सुटली तरी भरवसा संपतो, कारण बीज आधी बाहेर पडते आणि पाळी त्यानंतर येते. अंगावर पाजते आहे म्हणजे दिवस जाणार नाहीत, या अर्धवट समजुतीवर विसंबून आलेल्या किती बायका मी पाहिल्या आहेत. स्वातीला मी डॉक्टरांकडे परत पाठवले. तांबी, 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी हे तिन्ही गर्भनिरोधनाचे पर्याय पाजणाऱ्या आईला चालतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. 'छाया' ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली गोळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. तिच्यात स्त्री-संप्रेरके नसतात, हे कळल्यावर स्वातीने तीच निवडली. टाके भरून आले होते, कोरडेपणा मात्र होता. त्यासाठी डॉक्टरांनी पाण्यात विरघळणारे वंगण दिले आणि तेवढ्याने भागले नाही तर योनिमार्गात लावायचे अल्पमात्रेचे इस्ट्रोजेन मलम देता येईल असे सांगितले. त्याची वेळ आली नाही.

तिसऱ्या बैठकीला मी अमोलला एकट्याला अर्धा तास बोलावले होते. त्याच्या मनात आणखी काहीतरी आहे असा मला संशय होता. तो संशय खरा निघाला. बाळ झाल्यापासून आपण 'मऊ' झालो आहोत, मुलगी रडली की आपल्यालाही भरून येते, कुस्तीच्या तालमीतले जुने मित्र चिडवतात, आणि पूर्वीसारखा आपल्यालाही जोर वाटत नाही, असे त्याने अडखळत सांगितले. एका मित्राने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे इंजेक्शन सुचवले होते. स्वातीच्या नकाराचा त्याला जितका त्रास होत होता तितकाच आपण पुरुष म्हणून कमी पडतो आहोत या भीतीचाही होत होता, आणि पहिल्या त्रासाआड ही भीती लपली होती.

बापाच्या शरीरातही बदल होतो, ही गोष्ट आपल्याकडे कोणी बोलत नाही. फिलिपाइन्समधील सेबू येथे ६२४ तरुण पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन साडेचार वर्षांच्या अंतराने मोजले गेले आणि २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे टेस्टोस्टेरॉन सुरुवातीला जास्त होते त्यांचे पुढे लग्न होऊन ते बाप होण्याची शक्यता अधिक होती, आणि बाप झाल्यावर त्यांचेच टेस्टोस्टेरॉन अविवाहितांच्या तुलनेत बरेच उतरले, तान्हे मूल असलेल्यांचे तर विशेष. जे बाप दिवसातून तीन तास किंवा अधिक मुलाचे करत होते त्यांची पातळी, काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होती. टांझानियातील दुसरी पाहणी अमोलला अधिक भिडली. तेथे हाड्झा नावाच्या शिकारी जमातीतील बाप मुलांना जवळ बाळगतात आणि त्यांचे टेस्टोस्टेरॉन मुले नसलेल्या पुरुषांपेक्षा कमी आढळते. शेजारच्या दातोगा या गुरे राखणाऱ्या जमातीत बाप तान्ह्या मुलांपासून दूरच राहतात, आणि तेथे बाप व मुले नसलेले पुरुष यांच्यात असा फरक दिसत नाही. म्हणजे मूल झाल्याने नुसते काही होत नाही, मूल उचलून घेतल्याने होते. "म्हणजे मी हिला घेतो म्हणून हे होतंय?" असे त्याने विचारले. त्याच्याबाबत तेवढेच कारण आहे असे मला रक्त न तपासता म्हणता येणार नाही, झोपमोडही टेस्टोस्टेरॉन उतरवते, पण हे आजाराचे लक्षण नाही, असे मी सांगितले. बाहेरून टोचलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूचा वृषणांना जाणारा संदेश थांबवते आणि त्यामुळे शुक्राणूंची निर्मिती घटते किंवा बंद पडते, हे ऐकल्यावर त्याने इंजेक्शनचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून जे ठरवले त्यात अवघड असे काही नव्हते, पण ते अवघड गेले. सहा आठवडे शरीरसंबंधाचा विषय बाजूला ठेवायचा. त्यामुळे खांद्यावरचा हात हा फक्त हात राहील, त्यापुढे काही मागितले जाणार नाही, याची स्वातीला खात्री पटणार होती. जवळ कधी यायचे आणि कुठे थांबायचे हे तिने ठरवायचे. अमोलने सोप्यातले अंथरूण आत आणायचे. संध्याकाळचे दूध घालून आल्यावर आठ ते साडेनऊ बाळ त्याच्याकडे, आणि त्या वेळात स्वातीने कोणाचेही काही करायचे नाही. आत्यांनी यावर, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, असे अपेक्षेप्रमाणे म्हटले. तरी बाळाचे सकाळचे तेल-पाणी त्यांच्याकडे ठेवायला स्वाती कबूल झाली. आधी धस्स झाले, आठ-दहा दिवसांत कमी झाले, असे तिने नंतर सांगितले. पहिल्या पंधरवड्यात अमोल दोनदा पुन्हा सोप्यात जाऊन झोपला. एकदा चिडून, एकदा खरोखर झोपेसाठी. दोन्ही वेळा त्याने कारण तोंडाने सांगितले, हे मला महत्त्वाचे वाटले.

चौथी बैठक झाली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. उष्टावण होऊन मऊ भात-वरण सुरू झाले होते, अंगावरचे पिणे कमी झाले होते, पाळी मात्र अजून आली नव्हती. ठरलेल्या सहा आठवड्यांनंतर दोघे दोनदा जवळ आली होती. स्वातीने त्याबद्दल एक वाक्य सांगितले, जे मी तिच्या परवानगीने येथे देते आहे. "आधी इच्छा नव्हती मॅडम, पण भीतीही नव्हती. मग इच्छा मागून आली." पुष्कळ स्त्रियांची इच्छा अशीच मागून येते, बाळंतपणानंतरच नव्हे, एरवीही. ती आधी आली नाही म्हणजे ती नाहीच, असे समजून दोघेही मधल्या वाटेवरून परत फिरतात.

पूर्वीसारखे सगळे झाले का, असे मी विचारले तेव्हा दोघांनीही नाही म्हटले. रात्रीची झोपमोड चालूच होती, पुढच्या महिन्यात स्वाती पतसंस्थेत रुजू होणार होती आणि बाळाला दिवसभर कोण पाहणार यावर घरात नवा वाद सुरू झाला होता. अमोल मित्रांच्या चिडवण्याला अजून थोडा बिचकत होता. पण गोठ्यातून आल्यावर हातपाय धुऊन तो आधी मुलीला घेतो, आणि तिला त्या वासाची इतकी सवय झाली आहे की तो दिसला नाही तरी दाराकडे मान वळवते, हे स्वातीने मला सांगितले, त्याने नाही.

पुढची तारीख त्यांनी मागितली नाही आणि मीही दिली नाही. जाताना स्वातीने एवढेच विचारून घेतले की पाळी आल्यावर 'छाया' तशीच चालू ठेवायची की तांबी बसवायची. तो प्रश्न मी तिच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीवर लिहून दिला.